धरलेला हात

“जरा सरकता का?” शेजारून कुणीतरी म्हणालं आणि काका वर न बघताच सरकले. सरकायची त्यांना सवयच होती. बसमध्ये, दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, घरातल्या पलंगावरसुद्धा ते आयुष्यभर कुणासाठी तरी सरकत आले होते, आणि पलंगावर आता सरकायची गरज उरली नसली तरी झोपेत ते भिंतीला चिकटूनच असत. शेजारचा माणूस बसला. बाकाची फळी त्या बाजूने जरा खचली, काकांच्या कोपराला त्याचं कोपर लागलं, आणि मग त्याने नाकातून एक बारीक, शिटीसारखा श्वास सोडला. तो श्वास काकांनी ओळखला. टेबलापलीकडून तो त्यांनी कितीतरी वेळा ऐकला होता. फाइल उघडण्याआधी हा माणूस नेहमी असाच श्वास सोडायचा, जणू फाइल उघडायची नसून उचलून माडीवर न्यायची आहे. काकांनी मान वळवली. त्यानेही वळवली. तोच कारकून होता. ज्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला काका इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात आले होते, त्याच्यासाठीच त्यांनी आत्ता सरकून जागा केली होती.

उठायला हवं होतं. पण उठून जायचं कुठे? कॉरिडॉरमध्ये धड असा तेवढा एकच बाक होता, आणि ताडकन उठून जाणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार आपटल्यासारखं झालं असतं. न उठणं म्हणजे काय झालं असतं ते काकांना ठरवता येईना, म्हणून ते बसून राहिले. दोघेही समोरच्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली एक बाई फोनवर कुणालातरी फैलावर घेत होती. कारकून वाळला होता. पूर्वी त्याच्या अंगावर एक सुखवस्तू गोलाई होती, गालांवर, पोटावर, बोलण्यात. ती सगळी निलंबनाने खरवडून काढली होती आणि आता शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती आणि दोन्ही हात त्याने पिशवीखाली घातले होते. काकांनी त्या हातांकडे बघायचं टाळलं, आणि टाळल्यामुळे त्यांना दुसरं काहीच दिसेना.

त्यांना सगळेच काका म्हणत. लिफ्टच्या कंपनीत होते तोवर ते मिस्त्री होते. ती नोकरी संपली आणि एके दिवशी कुठल्याशा काउंटरवर कुणी ‘काका, बाजूला व्हा’ म्हणालं, तेव्हापासून ते अख्ख्या गावाचे काका झाले. सख्खा पुतण्या एकही नाही. घरात एक मुलगी, तीही लग्न होऊन दूरच्या शहरात. आणि बायको, जिला सगळे बाई म्हणत, कारण ती सरकारी शाळेत शिकवायची. बाई भांडकुदळ होती. गॅसची टाकी वजन करून घ्यायची, कंडक्टरकडून सुटे पैसे वसूल करायची, रेशनच्या दुकानात माप भरताना दुकानदाराच्या हाताकडे अशी टक लावून बघायची की तो बिचारा वरून थोडं जास्तच घालायचा. काका तिच्या मागे उभे असत. भांडण तिचं, छत्री यांची, अशी त्यांची वाटणी होती आणि ती त्यांना सोयीची होती. बाई निवृत्त झाली, पेन्शनचे कागद पुरे व्हायच्या आत आजारी पडली, आणि गेली. मग छत्री तेवढी उरली.

बाईंच्या पेन्शनचा नवऱ्याला मिळणारा भाग काकांच्या नावावर व्हायचा होता. त्यासाठी त्यांनी त्या कचेरीत खेटे घालायला सुरुवात केली. चौथा मजला, लिफ्ट बंद. बंद लिफ्टच्या दारापाशी उभं राहिलं की त्यांना आत दोर कुठे झिजला असेल ते जवळजवळ दिसायचं, आणि मनातल्या मनात दुरुस्ती करत ते जिने चढायचे. वर कुणी त्यांच्याकडे बघत नसे. एक हा कारकून तेवढा बघायचा. “या काका, बसा,” म्हणायचा. स्वतः उठून शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून द्यायचा. “जिने चढून आलात, आधी दम घ्या.” पाणी मागवायचा. जेवण कोण करतं, झोप लागते का, मुलगी फोन करते का, असं विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचा. हे थांबणं फार होतं. त्या दिवसांत काकांशी बोलणारी माणसं प्रश्न विचारून पुढे निघून जात. उत्तर त्यांच्या पाठीला ऐकवावं लागे. म्हणून काम होत नसलं तरी काका जात राहिले. खरं सांगायचं तर काम व्हावं अशी त्यांना घाई नव्हती. सकाळी दाढी करताना आज कचेरीत जायचंय या विचाराने त्यांना बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटायची.

मग एकदा कारकुनाने तो श्वास सोडला, फाइल उघडली, बंद केली आणि आवाज खाली आणला. “काका, तुमच्यासारख्याकडून घ्यायला बरं वाटत नाही. पण ते माझ्या एकट्याचं नसतं हो. वर जातं.” काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांना राग आला नाही, फक्त खुर्ची एकदम कडक लागायला लागली. सगळं विचारणं, पाणी, ‘आधी दम घ्या’, सगळं याचसाठी होतं की काय? की ते वेगळं होतं आणि हे वेगळं? ते गप्प बसलेले पाहून कारकुनाला वाटलं, रकमेचं ओझं झालं. तो समजुतीने म्हणाला, “बाईंच्याच पैशातून द्यायचेत ना. तुमचं काय जातंय?” फाइलवर बाईंचा फोटो टाचलेला होता. टाचणी कपाळाच्या जरा वरून गेली होती. बाई फोटोतून नेहमीसारखी मापाकडे बघत होती.

हे एक वाक्य तो बोलला नसता तर काकांनी पैसे दिले असते. मुलगी फोनवर म्हणालीच होती, “बाबा, देऊन टाका आणि मोकळे व्हा. आईची गोष्ट वेगळी होती. तुम्हाला नाही जमायचं ते.” शेजारी म्हणाले, सगळेच देतात. जिन्यात भेटलेला एक अनोळखी माणूस म्हणाला, यांचे भाव तरी बरे आहेत, दुसऱ्या मजल्यावर जाऊन बघा. काका घरी आले, पंखा न लावता बसून राहिले. बाईंचे पैसे. तिचा खडू, तिचा घसा, वर्गावर उभं राहून सुजलेले तिचे पाय. त्यातून हा काढणार, आणि तेही इतक्या मायेने. दुसऱ्या दिवशी ते लाचलुचपतवाल्यांच्या ऑफिसात गेले. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरले, मग तिथल्या पहारेकऱ्यानेच विचारलं, “काका, कुणाविरुद्ध आहे?” इतकं सरळ, की त्यांनी सांगून टाकलं.

तिथे एक निरीक्षक होता. डोळ्यांखाली काळं, बोलणं तुटक, पण कान लावून ऐकणारा. त्याने काकांना पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं, मध्ये मध्ये थांबवून ‘त्याचे शब्द काय होते, तसेच्या तसे सांगा’ म्हणत सगळं लिहून घेतलं. बाई गेल्यानंतर इतका वेळ कुणी त्यांचं ऐकलं नव्हतं, आणि काकांच्या मनात एक विचित्र गोष्ट येऊन गेली, की हल्ली आपल्याला माणसं भेटतात ती अशी, टेबलाच्या पलीकडेच. मग शिकवणी झाली. नोटांना एक पांढरी पूड लावायची, दिसत नाही अशी. ती ज्या बोटांना लागते ती बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. नोटा शिपाई तुमच्या खिशात ठेवेल. तुम्ही हात लावायचा नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने मागितल्याशिवाय काढायच्या नाहीत. तुमच्याबरोबर एक पंच असेल, दुसऱ्या खात्यातला, तो नुसता बघेल आणि ऐकेल. पैसे दिलेत की चष्मा काढून पुसायचा. ती आमची खूण. “आणि हात मिळवायचा नाही,” निरीक्षक म्हणाला. “त्याच्याशी, कुणाशीच. हात लागला की पूड लागते, आणि पूड लागली की वकील तेवढ्या फटीतून बैलगाडी बाहेर काढतात.” काका हसले. त्यांच्याशी हात मिळवायला कोण येणार होतं?

“काका, तब्येत बरी आहे ना?” शेजारून कारकुनाने विचारलं. समोर बघतच विचारलं.

“बरी आहे.”

“बोलायचं नसतं म्हणे आपण. वकील ओरडतील.” मग तो म्हणाला, “ते म्हणतात, मी मागितलेच नाहीत.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“मी आता वकील म्हणतात तेच म्हणतो.” पिशवी जरा हलली. “पण हातांचं तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं तरी तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. रोज ठाऊक होतं. त्या दिवशी काका खुर्चीवर बसले तेव्हा खिशातल्या नोटा छातीला तव्यासारख्या लागत होत्या. पंच कपाटापाशी उभा राहून कुठलातरी नमुना वाचल्यासारखं करत होता. कारकुनाने श्वास सोडला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “आणलंय का?” मग स्पष्टच म्हणाला, “परवा बोललो ते. वरचे विचारतायत.” काकांनी नोटा काढल्या. त्याने हात पुढे केला नाही. टेबलावरची पट्टी घेतली, तिच्या टोकाने ड्रॉवरची कडी ओढली आणि हनुवटीने दाखवलं. काकांनी नोटा आत ठेवल्या. त्याने गुडघ्याने ड्रॉवर लोटला. न शिवता घ्यायची ती रीत इतकी अंगवळणी पडलेली होती की ती किळसवाणी वाटायच्या ऐवजी नीटनेटकी वाटली. झालं. आता चष्मा काढायचा. काकांचा हात वर निघालाही होता. तेवढ्यात कारकुनाने फाइल उघडली, सही कुठे ते दाखवण्यासाठी, आणि फोटोवर बोट ठेवून सहज म्हणाला, “बाई हसायच्या नाहीत का हो फोटोत?”

नाही हसायची. फोटो काढताना ती म्हणायची, उगाच दात कशाला दाखवायचे, आणि फोटो काढून झाला की हसायची; तिचं हसणं कुठल्याच फोटोत आलं नाही. हे काकांना सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी घशातून भलताच आवाज आला. हात टेबलावर पडला. आणि कारकुनाने, मघाशी नोटांना बोट न लावणाऱ्या कारकुनाने, तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “असू द्या,” म्हणाला. “असू द्या, काका. माझी आई गेली तेव्हा वर्षभर मी ताटं दोनच घ्यायचो.” त्याचे हात कोरडे आणि गरम होते. तो घाईने थोपटत नव्हता, नुसता धरून होता. काकांना लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आठवली. दोन मजल्यांच्या मध्ये डबा थांबला की आतली माणसं फटीतून हात बाहेर काढत, आणि काका वरून तो धरून ठेवत, खालचा माणूस यंत्र फिरवेपर्यंत. त्या हातांची पकड त्यांना ठाऊक होती. आता आपला हात तसाच पकडतोय हे त्यांना कळत होतं आणि सोडवत नव्हतं. सापळा, नोटा, निरीक्षक, सगळं कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर राहिलं. डोळे भरून आले, काही दिसेना, म्हणून दुसऱ्या हाताने त्यांनी चष्मा काढला.

दारातून माणसं धावत आत आली. ती कुठून आली, का आली, हे काकांना क्षणभर उमगलं नाही. कारकुनालाही नाही, त्याला वाटलं असावं, काकांना चक्कर आली म्हणून लोक धावले, कारण तो म्हणाला, “पाणी आणा कुणीतरी.” पाणी त्यांनी आणलंच होतं. दोन काचेच्या वाट्यांत. त्यात त्याचे दोन्ही हात बुडवले आणि दोन्ही वाट्या गुलाबी झाल्या, लहान मुलीच्या फ्रॉकसारख्या. तो त्या पाण्याकडे बघत राहिला. “अहो, मी हातसुद्धा लावला नाही,” म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही. सगळे तेच म्हणतात. मग त्याने काकांकडे बघितलं, आणि पाण्याला रंग कुठून आला ते त्याला कळलं. तो ओरडला नाही, शिवी दिली नाही. नुसता कळलेला चेहरा.

काकांनी निरीक्षकाला लगेच सांगितलं होतं. जीपमध्ये, मग ऑफिसात, जबाब लिहिताना पुन्हा. निरीक्षकाने पेन खाली ठेवलं. “काका, मागितले का त्याने?” “मागितले.” “ड्रॉवर त्याने उघडला?” “हो.” “मग हातांचं काय घेऊन बसलात? हा माणूस बायाबापड्यांना लुबाडतो. हजार जण देतात, एखादा आमच्याकडे येतो. आणि तो एखादासुद्धा असल्या गोष्टीने फुकट जातो.” तो लबाड नव्हता. तो दमलेला होता, आणि खरं बोलत होता. जबाबात लिहिलं गेलं की आरोपीने रक्कम हातांनी स्वीकारून ड्रॉवरमध्ये ठेवली. काकांना पेन दिलं गेलं आणि ज्या बोटांवर अजून त्या हातांची ऊब होती त्या बोटांनी त्यांनी खाली सही केली.

त्यानंतर त्यांचं काम झटपट झालं. त्याच कचेरीत दुसऱ्या कारकुनाने उभ्या उभ्या कागद पुढे ढकलले, पट्टीने ढकलले. कुठल्याही काउंटरवर गेलं तरी माणसं त्यांना ओळखू लागली. काका दिसले की आवाज खाली येत, ड्रॉवर बंद होत, आणि त्यांचं काम सगळ्यांच्या आधी करून त्यांना वाटेला लावलं जाई. बसा कुणी म्हणेना. दम घ्या कुणी म्हणेना. गल्लीत सुरुवातीला पाठीवर थाप मारणारे शेजारी पुढे पुढे गमतीत विचारू लागले, “काका, खिशात काही रेकॉर्डिंग नाही ना चालू?” आणि गंमत म्हणता म्हणता खरंच खिशाकडे बघू लागले. काकांनी जे केलं ते बरोबर होतं. याबद्दल त्यांच्या मनात कधीही शंका आली नाही. बरोबर केल्यावर माणूस इतका एकटा का पडतो, एवढंच त्यांना कळत नव्हतं, आणि हे विचारावं अशी ज्याच्याशी ओळख होती तो माणूस निलंबित होता.

“काका, तुम्ही इथे? याच्याशेजारी?” सरकारी वकीलबाई झपाझप येत म्हणाल्या आणि त्यांना दंडाला न शिवता, बोटाने खुणावत खिडकीपाशी घेऊन गेल्या. तरुण होत्या, हातात कागदांची चळत, कपाळावर घाम. “ऐका. पंच फिरला. काल साक्षीत म्हणाला, मी लांब होतो, ऐकू आलं नाही, दिसलंही नाही. आता सगळं तुमच्यावर आहे. जबाबात आहे तेवढंच बोलायचं. त्याने मागितले, त्याने हातांनी घेतले.”

“हातांनी नाही घेतले.”

वकीलबाईंनी डोळे मिटले, उघडले. “त्याचा वकील तेच काढणार आहे. हात धरला होता का, हे विचारणार. नाही म्हणायचं.”

“धरला होता.”

“काका, पाणी गुलाबी झालंय. त्या पाण्याच्या बाटल्या सीलबंद आहेत. त्या तुमच्यापेक्षा चांगली साक्ष देतायत, त्यांना देऊ द्या. तुम्ही धरला म्हणालात की त्या फुटल्यात जमा. मग राहतो तुमचा एक शब्द, आणि एका शब्दावर हा सुटला तर उद्या परत त्याच खुर्चीत बसेल. तुमच्यानंतर येणाऱ्या एखाद्या विधवेसमोर. चालेल तुम्हाला?” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मला नाही चालणार.”

काकांना त्या वकील मुलीचं फार कौतुक वाटलं. बाई तरुणपणी अशीच असणार. बाई आत्ता इथे असती तर काय म्हणाली असती? त्यांनी तिला डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि नेहमीप्रमाणे ती मापाकडे बघत असलेलीच दिसली. माप कमी नको, एवढंच तिचं म्हणणं असायचं. एकदा दुकानदाराने घाईत जास्त भरलं तेव्हा ते तिने परत ओतायला लावलं होतं आणि मागची रांग तिच्यावर वैतागली होती. काका सर्वांत जास्त वैतागले होते. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्यांना वाटलं, हीही लिफ्टच, फक्त कुठे जात नाही. न्यायाधीश वयाने त्यांच्यापेक्षा लहान होते. साक्षीदार काही बोलला की ते त्याचं कोर्टाच्या भाषेत रूपांतर करत आणि खाली बसलेली टंकलेखिका ते टाइप करी. काकांनी खेटे सांगितले, ‘वर जातं’ सांगितलं, ‘बाईंच्याच पैशातून’ सांगितलं, ‘आणलंय का’ सांगितलं. शब्द तसेच्या तसे. वकीलबाईंचे खांदे जरा सैल झाले. मग दुसरा वकील उठला, गोड आवाजाचा, आणि फार वेळ न लावता तिथेच आला.

“नोटा माझ्या अशिलाने हातात घेतल्या?”

काकांनी आरोपीच्या जागेकडे बघितलं नाही. “नाही,” ते म्हणाले. “मी ड्रॉवरमध्ये ठेवल्या.”

“त्यानंतर त्याने तुमचा हात धरला?”

“धरला.”

“दोन्ही हातांनी?”

“दोन्ही.”

वकीलबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. गोड वकील न्यायाधीशांकडे वळून हसला. “म्हणजे माझ्या अशिलाने पैसे घेतलेच नाहीत. एका दुःखी माणसाचं सांत्वन केलं, एवढाच त्याचा गुन्हा.”

“घेतले ना,” काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. “पट्टीने ड्रॉवर उघडला, हनुवटीने दाखवलं, गुडघ्याने लावला. मागून घेतले. हात लावला नाही म्हणून घेतले नाहीत असं कसं? आणि सांत्वन केलं तेही खरं आहे. दोन्ही लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका.”

वकील म्हणाला, साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलावं. न्यायाधीशांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पहिल्यांदाच काकांकडे नीट बघितलं. “त्याने पैसे मागितले होते, हे तुम्ही शपथेवर सांगताय?” “सांगतो.” “त्याच्या तोंडून ऐकलेलं?” “टेबलापलीकडून. आता तुम्ही आहात त्याहून जवळून.” टंकलेखिकेची बोटं चालत होती. मग वकीलबाई उठल्या. त्या रागावल्या होत्या, आणि तो राग लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. “तुम्हाला बजावून सांगितलं होतं ना, हात लागू द्यायचा नाही म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग त्याने धरल्यावर काढून का नाही घेतलात?”

कोर्टात पंखे होते, माणसं होती, कुणीतरी खोकत होतं. काकांना वाटलं, हे उत्तर मुलीला सांगायला हवं होतं, शेजाऱ्यांना, निरीक्षकाला, आणि ते सांगायची वेळ इथे यावी. “बाई गेल्यापासून,” ते म्हणाले, “माझा हात कुणी धरला नव्हता.”

वकीलबाई खाली बसल्या. न्यायाधीश घसा साफ करून टंकलेखिकेला म्हणाले, “लिहा. साक्षीदार त्याबाबत कारण देऊ शकला नाही.”

साक्ष वाचून दाखवायची आणि साक्षीदाराने सही करायची अशी तिथली रीत होती. काकांना तो कागद दिला गेला. मागणी होती. पट्टी होती, गुडघा होता. ‘आरोपीने साक्षीदाराचा हात दोन्ही हातांनी धरला’ हे होतं. शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. पेन त्यांच्या हातात होतं, पट्टेवाला वाट बघत होता, पुढची केस पुकारायची होती. अशाच एका सहीपाशी मागे पेन त्यांच्या बोटांत दिलं गेलं होतं. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

“कारण दिलं मी,” ते म्हणाले.

“काका, सही करा,” पट्टेवाला कुजबुजला.

“ते खटल्याला लागत नाही,” न्यायाधीश म्हणाले. कडकपणे नव्हे.

“मला लागतं. मी ते शपथेवर सांगितलंय. नाही सांगितलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, साहेब.”

न्यायाधीशांनी चष्म्यावरून काकांकडे बघितलं, मग समोरच्या कागदांकडे, आणि टंकलेखिकेला शेवटची ओळ खोडायला सांगितली. त्यांनी नवी ओळ सांगितली आणि तिने ती टाइप करून, रीतीप्रमाणे, सपाट आवाजात वाचून दाखवली: “पत्नीच्या मृत्यूनंतर साक्षीदाराचा हात कोणीही धरलेला नव्हता, म्हणून त्याने तो काढून घेतला नाही.”

“बरोबर आहे?” न्यायाधीशांनी विचारलं.

काकांनी ते दुसऱ्याच्या आवाजात ऐकलं. इतके दिवस हे त्यांच्या एकट्याकडे होतं; आता ते सरकारी कागदावर होतं, आणि हा माणूस सुटला किंवा न सुटला तरी ते तिथेच राहणार होतं. आरोपीच्या जागेकडून नाकातून सोडलेला तो बारीक श्वास त्यांनी ऐकला. त्यांनी वळून बघितलं नाही.

“बरोबर आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी सही केली.